मावशींचा हिशेब

"बाळाच्या मावशी म्हणजे आमच्या घरच्याच हो!" हे कौतुक मी पुष्कळ घरांतून ऐकते. पण घरच्या झाल्या की मावशींच्या वाट्याला आधी भांडी येतात, मग धुणे, मग पोळ्या. आपल्याला कचेरीत उशीर झाला, की त्यांचाही दिवस लांबतो. पगार मात्र तेवढाच! १९८० साली पुण्याच्या मोलकरणींना पगारवाढीसाठी संप करावा लागला. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण आपल्या घरातले तास मोजायला मंडळ थोडेच येणार? तेव्हा भगिनींनो, दिवाळीची पोस्त द्याच. पण ठरलेले काम, जादा वेळेचे पैसे आणि आठवड्याची भरपगारी सुट्टीही द्या. जिच्या भरवशावर लेकरू सोपवतो, तिचा हिशेब उधार ठेवू नये.