छापणीची रांग आणि घरची शिस्त

घरांत प्रिंटर एक आणि छापणारीं माणसें आठ, अशी स्थिति आतां पुष्कळ एकत्र कुटुंबांत झाली आहे. नागपुराजवळच्या कन्हानचेंच उदाहरण घ्या. कोळशाच्या खाणींतून सेवानिवृत्त झालेल्या आजोबांचा हयातीचा दाखला, सूनबाईंच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, मुलांचीं प्रवेशपत्रें आणि सत्यनारायणाचीं आमंत्रणें हीं सारीं एकाच यंत्रांतून बाहेर पडावयाचीं. यंत्र सोशीक असतें. तंटा होतो तो माणसांत. आपला कागद अजून कां निघत नाहीं, हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून जो तो आपली कळ पुन्हां दाबतो, आणि शेवटीं एकाच दाखल्याच्या सहा प्रती निघून घरांतले कागद संपतात. या महिन्यांत या रांगेविषयींच चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणक प्रिंटरशीं थेट बोलतो अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. संगणक अतिशय जलद व प्रिंटर त्या मानानें अगदींच मंद. एकानें दुसऱ्यासाठीं खोळंबून राहावयाचें ठरविलें, तर पानें निघेपर्यंत दुसरें कांहींच करतां येणार नाहीं. म्हणून मजकूर प्रथम संगणकाच्या साठ्यांत उतरवून ठेवितात, आणि तेथून तो प्रिंटरकडे पोंचविण्याचें काम पडद्याआड चालणाऱ्या एका निराळ्या कारभाऱ्याकडे सोंपवितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला, तेव्हां छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा स्वाधीन करावयाचा आणि छापील उत्तर मागाहून घेऊन जावयाचें, अशी रीत होती. आज तीच रांग लहान रूपानें आपल्या घरच्या संगणकाच्या पोटांत शिरली आहे.

कन्हानच्या वाचकांस ही गोष्ट समजावयास अवघड नाहीं. नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरून रामटेकचा फांटा तेथेंच फुटतो. रुळांच्या एका टप्प्यावर एका वेळीं एकच गाडी सोडतात. दुसरीस वाट पाहावी लागते. परंतु कोणती गाडी कोठें उभी आहे, हें स्टेशनमास्तरास पक्कें ठाऊक असतें. आमच्या घरांत गाड्या पुष्कळ. उणीव आहे ती स्टेशनमास्तराची.

लिनक्स व मॅक या दोन्ही पद्धतींच्या संगणकांत हा कारभार ‘कप्स’ नांवाची व्यवस्था पाहते. अमेरिकेंतील मायकेल स्वीट यांनीं ती १९९७ सालीं रचावयास घेतली व १९९९ सालीं लोकांच्या हातीं दिली. तिला आज्ञा करण्यासाठीं चित्रांवर टिचक्या मारीत बसण्याची गरज नाहीं. टर्मिनलची खिडकी उघडून एक ओळ लिहिली कीं पुरे. या आज्ञा रोमन लिपींतील लहान अक्षरांत लिहावयाच्या. जेथें मोठें अक्षर लागतें तेथें आम्ही तसें सांगूं.

‘एलपी’ हीं दोन अक्षरें लिहून पुढें मजकुराच्या फाईलचें नांव दिलें, कीं काम रांगेंत लागतें व तत्क्षणीं प्रिंटरच्या नांवासह एक क्रमांक मिळतो, समजा, ४२. संगणक लगेच दुसऱ्या कामास मोकळा होतो. हा क्रमांक म्हणजे आपल्या कामाची पावती. ‘एलपीस्टॅट -ओ’ असें विचारलें कीं रांगेंत कोणतीं कामें आहेत, कितीं मोठीं आहेत व केव्हां धाडलीं, तें कळतें. ‘एलपीस्टॅट -पी’ म्हटलें कीं प्रिंटर चालू आहे कीं थांबविला गेला आहे, तें समजतें. काम नकोसें झालें तर ‘कॅन्सल’ लिहून पुढें क्रमांक द्यावा. कळ पुन्हां पुन्हां दाबण्यापूर्वीं एवढी विचारपूस केली, तरी अर्धे तंटे मिटतील.

आतां न्यायाचा प्रश्न. रात्रीं नऊ वाजतां काकांनीं १२० पानांचें पुस्तक छापावयास लाविलें आणि पुतणीला तर पहाटेच्या गाडीपूर्वीं परीक्षेचें एकच पान हवें आहे. अशा वेळीं घराघरांतून ‘बळी तो कान पिळी’ हाच कायदा चालतो. रांगेंत मात्र प्रत्येक कामास १ पासून १०० पर्यंत महत्त्वाचा अंक देतां येतो. न दिल्यास तो ५० धरितात. पुतणीनें ‘एलपी -आय ४२ -क्यू ९०’ असें लिहिलें कीं तिचें पान थांबलेल्या कामांच्या पुढें जातें. मात्र जें छापूं लागलें आहे तें या अंकानें थांबत नाहीं. यासाठीं मोठें काम धाडणारानेंच आधीं विचार करावा. ‘-एच’ या खुणेपुढें (येथें एच मोठ्या अक्षरांत) वेळ दिली, कीं काम तोंपर्यंत थांबून राहतें. ही वेळ जागतिक प्रमाणाची असते, आपल्या घड्याळाची नव्हे. आपली वेळ तिच्याहून साडेपांच तास पुढें. म्हणून रात्रीं ११ वाजतां छापावयाचें असेल तर १७:३० असें लिहावें.

याहून गंभीर गोष्ट खासगी कागदांची. आजोबांनीं मृत्युपत्राचा मसुदा छापावयास धाडला. प्रिंटर बंद होता. कांहीं निघालें नाहीं असें समजून ते उठून गेले. काम मात्र रांगेंत तसेंच राहिलें. दुसरे दिवशीं आमंत्रणांसाठीं कोणी प्रिंटर चालू केला आणि पाहुण्यांदेखत प्रथम बाहेर पडलें तें मृत्युपत्र! यांत कोणाचाच हेतु वाईट नाहीं; परंतु अशा एका पानानें भावाभावांत पडलेली तेढ वर्षानुवर्षें जात नाहीं. शिवाय सामान्य व्यवस्थेंत छापून झालेल्या कामाचा मजकूरहि साठ्यांत एक दिवस राहतो. रांगेंत अडकलेलें खासगी काम ‘कॅन्सल -एक्स’ व क्रमांक असें लिहून काढलें, म्हणजे त्याबरोबर ठेवलेला मजकूरहि पुसला जातो. घरांतील प्रत्येकानें संगणक स्वतःच्या नांवानें उघडावा हें उत्तम. कारण दुसऱ्याचें काम रद्द करण्याचा अधिकार साधारणपणें त्या कामाच्या धन्यास व संगणकाच्या व्यवस्थापकासच असतो. सारें घर एकाच नांवानें वावरूं लागलें, तर तें कुंपणच नाहींसें होतें.

पुष्कळ घरीं ही विद्या एकट्या थोरल्या चिरंजीवांस येते. ते नोकरीसाठीं पुण्यास गेले कीं घर मुकें होतें. आमची सूचना अशी कीं, या चार-पांच आज्ञा स्वच्छ अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून प्रिंटरच्या वर टांगाव्या, आणि आजोबांपासून सूनबाईंपर्यंत प्रत्येकानें एकेकदां त्या स्वतःच्या हातानें लिहून पाहाव्या. धाडलेलें काम दिसेनासें झालें तरी तें आपल्या हातचें गेलेलें नसतें. क्रमांक ठाऊक असला म्हणजे तें थांबवितां येतें, पुढें नेतां येतें आणि परतहि घेतां येतें.