आवाजाचा चेहरा

वाचकहो, इला अरुण हे नाव ऐकताच आपणांस चेहरा आठवतो की आवाज? बहुधा आवाजच. वस्तुतः विजया मेहता यांच्या ‘लाईफलाईन’ (१९९१) या दूरदर्शन मालिकेत त्यांनी भूमिका केली होती. परंतु १९९३ च्या ‘खलनायक’ चित्रपटातील गीताने ती ओळख झाकोळली. गीताच्या शब्दांवर अश्लीलतेचा आरोप झाला. पुढे १९९४ साली त्याच गीतासाठी त्यांना व अलका याज्ञिक यांना फिल्मफेअर पारितोषिक विभागून मिळाले. शब्दांच्या या वादात कंठाकडे मात्र दुर्लक्ष झाले, असे आम्हांस वाटते. पार्श्वगायनात कोवळ्या, बारीक स्वराचे राज्य असताना राजस्थानी लोकगीतांवर पोसलेला हा भरदार आवाज रसिकांनी आपलासा केला, ही काही लहान गोष्ट नव्हे. अभिनयही त्यांनी सोडला नाही. ‘जोधा अकबर’मधील (२००८) त्यांची महाम अंगा पाहावी, तेथे त्या गात नाहीत, तरी बोलण्यातला तो ठसका ओळखू येतो.