जिद्द एकटी पुरत नाही

उद्योजकांच्या मराठी चरित्रांत यशाचे श्रेय बहुधा एकाच गुणाला दिलेले आढळते : जिद्द. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रेगिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली तुलनात्मक पद्धती या सवयीला छेद देते. उद्योजकता व नवनिर्मितीच्या अभ्यासात आज ती रुळली आहे. कोणता घटक किती प्रभावी, हा तिचा प्रश्न नाही. कोणते घटक एकत्र आले असता फळ मिळते, हा आहे. एकाच फळाकडे अनेक वाटा जातात, आणि अपयशाची कारणे म्हणजे यशाच्या कारणांची उलट बाजू नव्हे, असे ती मानते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. लोखंडी नांगराची कल्पना, यंत्रांचे ज्ञान, औंधच्या संस्थानिकांनी दिलेले माळरान आणि जवळचा लोहमार्ग यांच्या जुळणीतून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. यांतले अनिवार्य काय होते, हे एका चरित्रावरून ठरत नाही. त्यासाठी तितकीच जिद्द असूनही बुडालेल्यांच्या कहाण्या हव्यात. आणि नेमक्या त्याच आपल्या चरित्रवाङ्मयात दुर्मिळ आहेत. केवळ यशस्वी झालेल्यांविषयीचे लेखन प्रेरणा देईल, कारणे सांगू शकणार नाही. चरित्राच्या अभ्यासकांनी म्हणूनच बंद पडलेल्या कारखान्यांकडेही वळावे.