विश्लेषण : घरांचा एजंट व्हायचंय? ‘महारेरा’ची परीक्षा सोपी, पुढचे पहिले वर्ष कठीण!

नोकरी नाही, भांडवल नाही, पण ओळखी आहेत. अशा अनेक तरुणांना आणि निवृत्तांना घरखरेदी-विक्रीची दलाली हा सोपा मार्ग वाटतो. पूर्वी त्यासाठी फोन आणि दुचाकी पुरेशी होती. आता महाराष्ट्रात प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आणि नोंदणी असे टप्पे ओलांडावे लागतात. ते ओलांडल्यावर नेमके काय हाती लागते?

नोंदणी कशी होते?

स्थावर संपदा कायदा अर्थात ‘रेरा’ १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातील कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर, गाळा किंवा भूखंड विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात व्यक्तीसाठी त्याचे शुल्क १० हजार रुपये, तर भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी १ लाख रुपये आहे. नोंदणी ५ वर्षे चालते. सुरुवातीची काही वर्षे अर्ज आणि शुल्क भरले की काम होत असे. ‘महारेरा’ने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याला पात्रतेची अट जोडली. आता आधी मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, मग परीक्षा द्यायची आणि ते प्रमाणपत्र जोडून नोंदणीचा अर्ज करायचा, असा क्रम आहे.

परीक्षा किती कठीण?

मे २०२३ मधील पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. म्हणजे चाळणी तशी बारीक नाही. खरी कात्री चालली ती जुन्या एजंटांवर. मुदतवाढ मिळूनही प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. वर्षानुवर्षे धंदा करणाऱ्यांना परीक्षेला बसणे कमीपणाचे वाटले असावे. नवख्यासाठी मात्र ही संधी ठरली, कारण नोंदणी नसलेल्या एजंटाला सोबत घेणे बांधकाम व्यावसायिकालाही अडचणीचे ठरते.

उत्पन्नाचे गणित काय?

कायद्याने दलालीचा दर ठरवलेला नाही. मुंबई-पुण्यात पुनर्विक्रीच्या घरावर १ ते २ टक्के आणि भाड्याच्या घरावर साधारण एक महिन्याचे भाडे, हा रिवाज आहे. नव्या प्रकल्पात दर कमी-जास्त होतो. समजा, ६० लाखांचे घर २ टक्क्यांनी विकून दिले, तर १ लाख २० हजार रुपये होतात. पण हे पैसे टोकन दिल्याच्या दिवशी मिळत नाहीत. ग्राहकाचा करार नोंदला गेला, ठरावीक हप्ते जमा झाले, की मग बिल पुढे सरकते. मधेच ग्राहकाचे कर्ज नामंजूर झाले, की तीन महिन्यांच्या साइट व्हिजिट पाण्यात. बिलावर उद्गम करकपात होते. तिचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला, एवढाच दिलासा. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की १८ टक्के जीएसटीची नोंदणी येते.

दलाली कधी, किती आणि कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे लेखी न घेता केवळ विक्री प्रमुखाच्या शब्दावर ग्राहक नेऊन उभा करणे ही नवख्यांची सर्वात महागडी चूक असते. ग्राहकाची पहिली भेट आपल्या नावावर नोंदवली गेली की नाही, हे त्याच दिवशी पाहावे. नंतर तोच ग्राहक ‘थेट आला’ असे सांगितले जाते.

एजंटावर जबाबदारी कोणती?

इथे बरेच जण गाफील असतात. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकून देता येत नाही, प्रकल्पात नसलेल्या सुविधा सांगता येत नाहीत आणि व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या तरतुदींचा भंग झाल्यास दररोज १० हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा त्या घराच्या किमतीच्या ५ टक्के. म्हणजे वरच्याच ६० लाखांच्या घरात कमाई सव्वा लाखाच्या आत आणि दंड ३ लाखांपर्यंत! फसवणूक झालेला ग्राहक बिल्डरप्रमाणेच एजंटाविरुद्धही ‘महारेरा’कडे तक्रार करू शकतो.

जाहिरातीचेही तसेच. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तर हवाच, शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. बिल्डरने पाठवलेले चित्र कापून, क्रमांक वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे म्हणूनच अंगाशी येऊ शकते. करार नोंदवण्याआधी ग्राहकाकडून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही एजंटाला ठाऊक हवे. ‘बुकिंगला २० टक्के भरा, दर वाढणार आहे’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येते.

आणखी एक बाब फारशी चर्चेत नसते. २० लाखांहून अधिक उलाढाल असलेले मालमत्ता एजंट डिसेंबर २०२० पासून काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. रोखीचा ‘वरचा’ व्यवहार जुळवून देणे म्हणजे केवळ बाजाराची रीत राहिलेली नाही.

नियमनातील उणीव कोणती?

रेराचा भर प्रकल्पातील विक्रीवर आहे. भाड्याची घरे आणि जुन्या सोसायट्यांतील पुनर्विक्री बहुतांशी त्याबाहेर राहते. नवखा एजंट मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण भाड्याचा व्यवहार आठवड्यात मिटतो आणि घरखर्च भागतो. विद्यार्थी आणि नोकरदार भाडेकरूंच्या तक्रारीही याच व्यवहारांत असतात : घर दाखवायचेच पैसे, अनामत परत न मिळणे, नोंदणी न केलेला करार. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे. ती जबाबदारी घरमालकाची. एजंट बहुधा निसटतो.

पुनर्विक्रीत तर २० तासांचे प्रशिक्षण अपुरेच पडते. सूची क्रमांक २ वरील नाव, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, बँकेचा बोजा, वारसांची संमती, भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे वाचायला जुन्या वकिलाच्या किंवा अनुभवी एजंटाच्या हाताखाली वर्षभर काढावे लागते. त्या काळात दलालीत वाटा कमी मिळतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल, तर अनेकांची नोंदणी पाच वर्षे कायम राहते आणि धंदा पहिल्या दिवाळीपर्यंतच टिकतो.