उसाचे बिल वेगळे, लाभांश वेगळा



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या यांवर लिहावे, आयकरावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण हल्ली बांधावर गेले की हाही विषय निघतो, आणि उत्तर बहुधा तयार असते : "आपण शेतकरी माणसं. आपल्याला कसला आलाय कर?"

हे निम्मेच खरे आहे. उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न. त्यावर आयकर नाही. पण तेच पैसे गुंतवले की त्यांना लागलेले फळ शेतीचे राहत नाही. कारखान्याच्या भागावरील लाभांश, परतीच्या ठेवीचे व्याज, बँकेतील ठेवीचे व्याज, हे सारे इतर उत्पन्न. पैसा उसाचा म्हणून व्याजही उसाचे, असे कायदा मानत नाही.

पोरांच्या सांगण्यावरून कित्येकांनी म्युच्युअल फंडात पैसे टाकलेत. तिथे गोंधळ जास्त. पूर्वी लाभांशावरचा कर फंडच भरत असे. १ एप्रिल २०२० पासून तो घेणाऱ्यावर आला. फंडाने शेअर विकून नफा कमावला आणि त्यातून वाटप केले, तरी आपल्या हाती तो लाभांशच. आपल्याला लागू असलेल्या दराने त्यावर कर. आपण स्वतः युनिट विकले तर मात्र भांडवली नफा. शेअरच्या फंडात वर्षाहून अधिक काळ ठेवून विकले, तर २०२४ च्या बदलानुसार वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा, पुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकले तर वीस टक्के.

आणि लाभांश ही वरकमाई नव्हे. वाटला तेवढा युनिटचा भाव उतरतो. फडातून चार मोळ्या घरी आणल्या, तर फडात चार मोळ्या कमीच की!

"टीडीएस कापला नाही, म्हणजे कर नाही," हाही गैरसमज. कपात ही आगाऊ वसुली, हिशेब वेगळाच. दुसरे उत्पन्न थोडे असेल तर कर बसणारही नाही, पण कापलेली रक्कम परत हवी तर विवरणपत्र भरावेच लागते. आणखी एक : दुसरे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडाही धरतात. म्हणून तोही खरा सांगावा.

पॅनमुळे बँकेची, फंडाची नोंद खात्याकडे आधीच जाते. पण भीतीपोटी नव्हे, स्वतःच्या हितासाठी हिशेब ठेवा, असे माझे मत आहे. शेतीच्या सवलतीच्या आडोशाला भलतेच उत्पन्न लपवणारे लपवतात आणि संशय मात्र घाम गाळणाऱ्यावर येतो. ही सवलत टिकवायची तर शेतीचे ते शेतीचे आणि व्याजाचे ते व्याजाचे, हे आपणच चोख दाखवले पाहिजे.

संचालक मंडळास एक नम्र सूचना : दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक सभासदाला एकच चिठ्ठी द्यावी. तीत उसाचे बिल, ठेवीचे व्याज आणि लाभांश असे तीन रकाने असावेत. सभासदांनी ती सातबाऱ्याच्या पिशवीतच जपून ठेवावी.

– ऊस विकास अधिकारी