प्राध्यापक, पण तासाच्या हजेरीवर

शेतीच्या पानावर कॉलेजचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. सांगतो. मे महिन्यात एका गावात सोयाबीनची उगवण चाचणी दाखवत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरणीजोगे. एका तरुणाने ते काम माझ्यापेक्षा सफाईने करून दाखवले. चौकशी केली तर गडी वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी., सेट पास, सिनियर कॉलेजात 'सर'. मग उन्हाळ्यात वखरामागे कसा? म्हणाला, "साहेब, आम्ही सीएचबीवाले. परीक्षा लागल्या की आमचं काम बंद, पैसेही बंद."

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जितके तास शिकवले तितकेच पैसे. आपल्याकडे सालगड्याचेसुद्धा पाडव्याला वर्षाचे ठरते. ह्या माणसाचे तेवढेही नाही. दरवर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

आता हिशोब बघा. २०२३ मध्ये राज्य सरकारने पदवीच्या वर्गाचा दर वाढवून तासाला ९०० रुपये केला. ऐकायला बरा वाटतो. पण एकाला आठवड्याला तास नऊच. वर्षात शिकवण्याचे आठवडे तीस धरले, एकही तास बुडाला नाही असे मानले, तरी वर्षाचे २ लाख ४३ हजार होतात. बारा महिन्यांत वाटले तर महिना सव्वावीस हजार. त्याच वर्गावर कायम नेमणुकीचा सहायक प्राध्यापक असेल तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे सुरुवातीचे मूळ वेतनच महिना ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. पात्रता मात्र दोघांची एकच, नेट-सेट किंवा पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पाहुण्या अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार, असे ठरवून दिले होते. तिथपर्यंतही आपला दर पोचलेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, आजारपणाचे नाहीत. बिल कॉलेजातून सहसंचालकांच्या कार्यालयात जाते आणि बऱ्याच ठिकाणी पैसे हातात पडायला महिनोन् महिने लागतात. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय प्रवेशाच्या वेळची कामे, पेपरवर देखरेख, फायली असे बरेच काही अंगावर पडते, त्याचा तास धरला जात नाही. नाही म्हणावे तर पुढच्या वर्षीची मुलाखत समोर दिसते.

हे असे का झाले? जागा भरल्या नाहीत म्हणून. जुने प्राध्यापक निवृत्त होत गेले, २०१७ मध्ये सरकारने भरती थांबवली, पुढे २०२१ मध्ये २,०८८ जागांना मंजुरी दिली. तोवर अनुशेष वाढला होता. वर्ग तर रिकामा ठेवता येत नाही, मग तासावरची माणसे घ्यायची. तात्पुरती सोय होती ती वहिवाट झाली.

यात नुकसान एकट्या त्या तरुणाचे नाही. नियमाप्रमाणे कायम शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा; त्यातले १६ तास वर्गात, बाकीचा वेळ तयारी, प्रयोगशाळा आणि मुलांच्या शंका यांसाठी. तासावरचा माणूस तास संपला की दुसऱ्या कामाला पळतो, त्याला पोट आहे. तुमची मुलगी एस.टी.ने पंधरा मैल जाऊन शंका विचारायला थांबली, तर विचारायची कुणाला?

म्हणून प्रवेशाच्या वेळी फी विचारता तसे हेही विचारा: या विषयाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, तासावरचे किती? सांगायला टाळाटाळ झाली तर अनुदानित कॉलेजाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. ग्रामसेवकांनी अर्ज लिहून देण्यापुरती मदत केली तरी पुष्कळ आहे. संस्थेवर ओळखीची माणसे असतात, सरपंच मंडळींचे तिथे जाणे-येणे असते. त्यांनी नुसत्या प्रवेशासाठी चिठ्ठी न देता रिक्त जागांचाही विषय काढावा. आणि मुलाला प्राध्यापक करायचे म्हणून एकर विकायला काढणाऱ्या बापाने आधी वरचा हिशोब पोरासोबत बसून मांडावा. शिकवू नका असे मी म्हणत नाही. जमीन मात्र एकदा गेली की गेली.

त्या तरुणाच्या दाण्यांपैकी ७८ उगवले होते. बियाणे घरचेच होते, पिशवीचा खर्च वाचला.