यांतील खरी गोम

गेल्या मे महिन्यांत बारामतीस घरीं जमलेलीं नातवंडें एक नवाच खेळ मांडून बसलीं होतीं. एकानें सूत्रधार होऊन कथा सांगावी, इतरांनीं तींतील पात्रें व्हावें आणि झुंजीचा निकाल फांशांनीं लावावा, असा तो खेळ. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं प्रसिद्ध केला. आमच्या सूत्रधारास पाताळांत राहणारी एक राक्षसी घोण रचावयाची होती. “आजोबा, पाय शंभर देऊं ना? लांबी पन्नास हात पुरे?”

मीं म्हटलें, “बाळ, खोटी रचण्यापूर्वीं खरी जाणून घे.”

संस्कृतांत ती शतपदी. परंतु मोजून शंभर पाय तिला सहसा नसतातच. देहाच्या प्रत्येक कड्यास पायांची एक जोडी असते व प्रौढ घोणीच्या जोड्या विषम भरतात. आपल्याकडील मोठ्या घोणीस बहुधा एकवीस. डोक्यालगतची आणखी एक जोडी चालण्याची नव्हे. तिच्या विषारी नांग्या झाल्या आहेत. म्हणजे घोण डसते ती तोंडानें नव्हे, पायांनीं! सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत शतपदीचे आठ प्रकार दिले असून, दंशानें सूज, वेदना व हृदयांत दाह होतो असें सांगितलें आहे. तिच्या कातडीस ओलावा नीट धरून ठेवतां येत नाहीं. म्हणून दिवसा ती काळ्या रानाच्या भेगांत, दगडाखालीं किंवा उसाच्या पाचटांत दडते.

लांबीचें म्हणाल, तर दक्षिण अमेरिकेंतील सर्वांत मोठी जातही सुमारें एक फुटाची. इंग्लंडांत नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावर २०१८ सालीं एका प्राचीन प्राण्याचा अश्मीभूत देहभाग सांपडला. तो प्राणी अडीच मीटरांहून लांब असावा असा विद्वानांचा अंदाज आहे. पण तो घोणीच्या नव्हे, निरुपद्रवी वाणीच्या गोतांतला.

“मग खरी घोण कांहींच भयंकर नाहीं!” सूत्रधार हिरमुसला.

तेव्हां गेल्या हिवाळ्यांतील एक हकीगत मीं मुलांस सांगितली. इंदापूर तालुक्यांतील आमच्या उसावर तोडणीची टोळी उतरली होती. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. अशाच एका कोयत्याची सात वर्षांची मुलगी कोपींत भुईवर निजली असतां तिला घोण डसली. हात कोपरापर्यंत सुजला. पोर रात्रभर कळवळत होती. सकाळीं दवाखान्यांत औषध मिळालें व तिसऱ्या दिवशीं ती खेळूं लागली. परंतु ते दोन दिवस आई तिच्यापाशीं बसली, अर्धा कोयता तोडीवर गेला नाहीं आणि मुकादमानें खाडा धरला. आधीं घेतलेली उचल फिटणें तितकें लांबलें.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाहीं, अशी आपली म्हण आहे. ती भरल्या घरांस लागू पडते. आमच्या घरांत कोणी अंथरुणास खिळलें तर दहा हात पुढें येतात. चारच हातांचा संसार मात्र दोन दिवसांत लंगडतो. यांतील खरी गोम ही आहे. आणि आणखी एक सांगितलें पाहिजे : कोपीसाठीं पाचटाच्या ढिगाशेजारची ती जागा मीच दाखविली होती.

मुलें गप्प झालीं. सूत्रधारानें कागदावरील ‘पन्नास हात’ खोडून ‘वीतभर’ लिहिलें.

यंदा टोळी येण्यापूर्वीं जागा साफ करावयाची, पाचट दूर हलवावयाचें आणि कोपींतून मुलांपुरत्या तरी बाजा द्यावयाच्या, असें आम्ही ठरविलें आहे. ज्या वाचकांचा ऊस उभा आहे, त्यांनीं आपली टोळी कोठें निजते हें एकदां स्वतः जाऊन पाहावें.